रेवदंड्याचे रूबेनकाका आणि आमचा नबील

आखातात, रास अल खोरच्या आमच्या गोडाऊनमधून ठिबक सिंचनाच्या नळ्या, पंप, फिल्टर रोज डिस्पॅच होतात. किस्से मात्र इथेच साठत राहतात. त्यातले नबील आणि रूबेनकाकांचे तर मी येईल त्या माणसाला धरून सांगतो. हे सगळं इस्रायलचं आताचं युद्ध सुरू व्हायच्या आधीच्या वर्षातलं.

*

नबील आमचा सेल्स इंजिनिअर, पॅलेस्टिनी. आजोबांचं गाव हैफाजवळ, पण हा जन्मला लेबनॉनच्या निर्वासित छावणीत. पासपोर्ट नाही, निर्वासितांचं प्रवासपत्र तेवढं आहे.

कंपनी दरवर्षी प्रत्येकाला मायदेशाचं तिकीट देते. एचआरची नवीन मुलगी फॉर्म घेऊन आली. "सर, होम एअरपोर्ट कुठलं लिहू?"

नबील म्हणाला, "तूच शोध. सापडलं तर वन-वे दे."

*

मग मेल आली, इस्रायलहून सप्लायर येतोय. मॅनेजर नबीलला म्हणाला, "हवं तर त्या दिवशी सुट्टी घे."

"का? मी काय केलं?"

आले ते साठीच्या पुढचे एक टकले गृहस्थ. माझं कार्ड वाचलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "म्हात्रे? अलिबागकडचे का हो?"

हे रूबेनकाका, कोकणातले ज्यू. जन्म रेवदंड्याचा, नवव्या वर्षी आईवडिलांबरोबर इस्रायलला गेले. "मराठी विसरला नाहीत?" मी विचारलं.

"कसा विसरणार? बायकोशी भांडण मराठीतच होतं."

*

दुपारी मी दोघांना मनखूलच्या मराठी खानावळीत नेलं. सोलकढी येईपर्यंत वाद पेटलेला. काकांचं इंग्रजी धंद्यापुरतंच, म्हणून ते मराठीत, नबील इथे शिकलेल्या हिंदीत आणि मधे दुभाषी मी. काका म्हणाले, "आमचे लोक दोन हजार वर्षं त्या भूमीचं नाव घेऊन प्रार्थना करत होते."

नबील म्हणाला, "आणि माझे आजोबा तिथे राहत होते. तुम्हाला रेवदंड्यातून कुणी हाकललं?"

"कुणीच नाही. कधीच नाही."

"मग का गेलात?"

"वडील म्हणाले, आपण घरी चाललोय."

नबीलने घास खाली ठेवला. "माझे आजोबा मरेपर्यंत रोज हेच म्हणायचे."

*

परतताना गाडीत काकांनी वडिलांची गोष्ट सांगितली. रेवदंड्यात यांच्या समाजाला शनवार तेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून. तिकडे गेल्यावर समाजातल्या कुणाच्याही लग्नाच्या वेळी धर्मगुरू विचारायला लागले, तुम्ही खरे ज्यू कशावरून? वडील धरणं धरून बसले.

"म्हणजे तुमच्याकडेही कागद मागितले?" नबील खूश झाला.

"मागितले. शेवटी हक्क मिळाला."

"तोच तर फरक आहे," नबील म्हणाला. गाडीतून उतरताना काकांनी नबीलला गावाचं नाव विचारलं आणि डायरीत लिहून घेतलं.

*

महिन्याभराने, एका शुक्रवारी सकाळी, काकांचा व्हिडिओ कॉल. "म्हात्रे, मी त्याच्या गावात उभा आहे. बोलाव त्याला."

स्क्रीनवर गाव नव्हतंच, नुसती पाइनची झाडं. नबीलने लगेच लेबनॉनला खालाला, म्हणजे मावशीला, व्हिडिओ कॉल लावला. १९४८ साली गाव सुटलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. लेबनॉनहून इस्रायलला फोन लागत नाही, म्हणून आम्ही आमचे दोन फोन समोरासमोर धरले. खाला अरबीत घराची वाट सांगायची, नबील मला हिंदीत, मी काकांना मराठीत.

"विहीर उजव्या हाताला ठेवून वर चढायचं."

विहीर सापडली. सगळं ऑफिस आमच्यामागे गोळा झालं.

"पुढे तीन पायऱ्या."

"दोनच आहेत," काका म्हणाले.

खाला हटेना. तीनच. काकांनी गुडघ्यावर बसून हातांनी माती उकरली. तिसरी निघाली. आमच्यामागे टाळ्या पडल्या.

वर एक लांब दगड होता, झिजलेला. खाला डोळे बारीक करून बघत राहिली. तिच्या घराचा उंबरा होता तो. मग ती हळूच काहीतरी बोलली. नबीलने तिला पुन्हा विचारलं. दुसऱ्या खेपेला त्याने मला सांगितलं, मी काकांना.

"त्या म्हणतात, आत या. पण चपला बाहेर काढा."

उंबऱ्यापलीकडे छप्पर नव्हतं, भिंत नव्हती, गुडघाभर गवत होतं. काकांनी मोबाईल दगडावर टेकवला, खाली वाकले आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागले.