कापराच्या चाळीस पुड्या

मंडईच्या मागच्या गल्लीत विमलाबाईंचं काष्ठौषधींचं दुकान होतं. गिऱ्हाईक आलं की आधी त्यांच्या कपाळाला आठी पडायची आणि मग हात बरणीकडे जायचा. कुणी आपल्या पोटाचं, मुळव्याधीचं, खोकल्यातल्या बेडक्यांचं रसभरीत वर्णन सुरू केलं की त्यांना मनापासून किळस यायची. रोगाची नाही हो, शहाणपणाची. "तीन आठवडे खोकताय आणि ज्येष्ठमध मागताय? आधी छातीचा फोटो काढा," असं म्हणून त्या सरळ पुढच्या माणसाकडे वळायच्या. सुंठ, हिरडा, मुरुडशेंग विकून पोट भरणारी बाई गिऱ्हाइकालाच दवाखान्यात हाकलते, हे पार शनिवार पेठेपर्यंत माहीत होतं.

त्याला कारणही तसंच होतं. त्यांचे यजमान मच्छिंद्र एक्याण्णव साली त्याच दुकानात, स्टुलावर बसल्या बसल्या गेले. सकाळपासून छातीत कळ येत होती. गॅस झालाय म्हणून स्वतःच ओवा-हिंग चावत अडीच तास बसले. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, नेऊ का म्हणून. तर म्हणाले, घरात एवढी औषधं असताना डॉक्टरचे पाय कशाला धरू? विमलाबाईंनी चौदाव्या दिवशी दुकान उघडलं आणि दारावर पाटी लावली, 'छातीत दुखत असल्यास येथे थांबू नये.' लोक हसायचे. हसेनात का बापडे!

पदरात सहा वर्षांचा तेजस होता. त्याला त्यांनी एकटीने वाढवलं, इंजिनियर केलं. तो हिंजवडीला लागला आणि गळ्यात कंपनीचा पट्टा अडकवून फिरायला लागला. दुकानात पाऊल टाकलं की नाक मुरडायचा, कपड्यांना वास लागतो म्हणायचा.

मग आला दोन हजार नऊचा ऑगस्ट. स्वाइन फ्लूने पुण्याची गाळण उडाली. शाळा बंद, मॉल बंद, जो तो तोंडाला फडकं बांधून हिंडतोय. त्यात कुणीतरी उठवलं की कापूर नि वेलदोडा रुमालात बांधून हुंगला की हा ताप फिरकत नाही. झालं! शिकलेसवरलेले लोक सकाळी सातपासून दुकानापुढे रांगेत. कालपर्यंत रस्त्यात पचापच थुंकणारे आता रुमालाला नाक लावून विमलाबाईंनाच आरोग्य शिकवायला लागले. भीमसेनी कापूर तीन दिवसांत संपला, तर म्हणे पूजेच्या वड्या द्या. विमलाबाई देत होत्या आणि प्रत्येकाला बजावत होत्या. हुंगून बरं वाटत असेल तर खुशाल हुंगा, पण अंग तापलं की इथे यायचं नाही, तपासून घ्यायला जायचं.

अशात एका संध्याकाळी तेजस चक्क दुकानात येऊन बसला. ऑफिसातले सगळे घाबरलेत, म्हणाला. सरकारी दवाखान्यापुढे मैलभर रांग, खासगीवाले दारात उभं करत नाहीत. अशा वेळी दहा दिवस डॉक्टरशिवाय निभावता येईल असा बटवा प्रत्येकाला घरात हवाय. ही एसीत बसणारी माणसं आणि त्यांना बटवा! ऐकूनच विमलाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. पण पोरगा आयुष्यात पहिल्यांदा बरण्यांची झाकणं उघडून हे काय, ते काय विचारत होता. बाई विरघळल्या. दोन दुपारी बसून त्यांनी चाळीस पुड्या बांधल्या. पूजेच्या कापराच्या दहा वड्या, वेलदोडे, लवंगा, वाळलेली तुळस, आणि तेजसने आणलेली इंग्रजी चिठ्ठी प्रत्येकीत एकेक. रुमालात कसं बांधायचं ते लिहिलं असेल, असं त्या धरून चालल्या. गिऱ्हाइकाला दहा प्रश्न विचारल्याशिवाय हिरड्याचा तुकडा न देणाऱ्या या बाईने पोटच्या पोराला एक प्रश्न विचारला नाही.

पुड्या शुक्रवारी ऑफिसात वाटल्या गेल्या. रविवारी सकाळी दीपमाला दुकानात आली. ही यवतमाळची पोर, वरच्या मजल्यावर भाड्याने राहून कॉलेज करायची. गल्ल्यापाशी एक चिठ्ठी उरली होती, ती तिने सहज उचलून वाचली आणि तिचा चेहरा उतरला. काकू, हे तुम्ही लिहिलंय का, तिने विचारलं. विमलाबाईंनी तिच्याकडून ते मराठीत वदवून घेतलं. महिन्यातून एकदा गोळीएवढा कापूर पाण्याबरोबर गिळावा. लहान मुलांना गिळता येत नाही, म्हणून केळ्यात कुस्करून द्यावा.

विमलाबाईंनी हातातली तागडी बाजूला ठेवली. दुकानामागेच घर होतं, तिथे तेजस आतल्या खोलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन लोळत होता. त्या तशाच आत गेल्या.

"मला फॉरवर्ड आला होता गं आई," तो म्हणाला. "हजारो लोक करतायत. आणि कापूर नॅचरलच आहे ना?"

"धोतराही नॅचरलच असतो. देऊ का वाटून?"

त्यांनी फोन त्याच्यापुढे आदळला आणि एकेकाला सांग म्हणाल्या. तो म्हणाला, सगळ्यांना मेल टाकतो. फोन करून चूक कबूल करायची म्हणजे ऑफिसात काय तोंड दाखवायचं? रविवारी कोण मेल बघत बसतो हे त्याला कळत नव्हतं असं थोडंच आहे! स्वतःच्या पोराची एवढी शिसारी त्यांना कधी आली नव्हती, आणि हाच पोरगा पुड्यांसाठी शेजारी बसला म्हणून आपण हुरळलो, याची त्याहून जास्त. त्या त्याच्या डोक्याशी उभ्या राहिल्या आणि नंबर फिरवून घेतले. काही जण हसले. दोघांनी वडी गिळलीच होती, त्यांना ताबडतोब डॉक्टरकडे धाडलं. दुपारी बारापर्यंत एकोणचाळीस जण झाले. ऋषी नावाचा एकच उरला. फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. त्याच्याकडे चार वर्षांची मुलगी आहे, हे तेजसने तेव्हा खाल मानेने सांगितलं.

घर सदाशिव पेठेत होतं. दुकान दीपमालावर टाकून दोघं रिक्षात बसली.

दार ऋषीच्या बायकोने, प्रियदर्शनीने उघडलं. घरातसुद्धा तोंडाला मास्क. सोफ्यावर छोटी संस्कृती ग्लानीत पडली होती, हात थडथड उडत होते, पुढ्यात बशीत अर्धं केळं. अर्ध्या तासापूर्वी दिलं, प्रियदर्शनी म्हणाली, आणि आता ही कशीतरीच करतेय. ऋषी आत कॉम्प्युटरवर यावरचे घरगुती उपाय शोधत बसला होता. मुलगी हातची जायची वेळ आणि हा उपाय शोधतोय! प्रियदर्शनीच्या हातात मिठाच्या पाण्याचा पेला होता, ओकारी काढायला. विमलाबाईंनी तो हिसकावून बेसिनमध्ये ओतला.

"ओकवायचं नाही. उचला तिला आणि चला."

रिक्षातच पोरीला झटका आला. अंग लाकडासारखं ताठ, डोळे वर. विमलाबाईंनी तिला मांडीवर कुशीवर धरून ठेवलं. पोरीच्या तोंडाला देव्हाऱ्याचा वास येत होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाल्लंय? ऋषीने तेजसकडे बघितलं. तेजसने बुटांकडे.

"पूजेचा कापूर, एक वडी, केळ्यातून," विमलाबाई म्हणाल्या. "पुडी मी बांधली."

डॉक्टरीणबाईंनी एकदाच त्यांच्याकडे पाहिलं. कुठलाही कापूर मुलांच्या पोटात विषच, एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. ते पाहणं विमलाबाईंना चांगलंच ओळखीचं होतं. आजवर त्या स्वतः गिऱ्हाइकांकडे असंच बघत आल्या होत्या.

अडीचला निरोप आला. झटके थांबलेत, पोरगी शुद्धीवर आहे, उद्यापर्यंत ठेवून घेऊ. तेजस भिंतीला टेकून रडायला लागला. विमलाबाईंनी त्याला रडू दिलं. तेवढ्यात प्रियदर्शनी आली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. त्यांनी चटकन पाय मागे घेतले.

"काकू, तुम्ही वेळेवर आलात," ती डोळे पुसत म्हणाली. "आता हिला खूप अशक्तपणा येईल ना? घरी नेल्यावर काय देऊ? काहीतरी घरगुतीच सांगा, इथली औषधं फार कडक असतात."

काळ्या मनुका रात्रभर भिजवून, हे उत्तर विमलाबाईंच्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. स्वतःची आली तशी किळस त्यांना कुणाच्या बेडक्यांचीही आली नव्हती. त्यांनी ते उत्तर गिळलं.

"डॉक्टरांना विचार. मला नको. माझ्याच हातची पुडी होती ती."

"ती चूक चिठ्ठीची, काकू," प्रियदर्शनी समजुतीने म्हणाली. "तुमच्या हाताला गुण आहे."

विमलाबाईंनी ते दोन्ही हात पदराखाली घेतले आणि डॉक्टरांच्या खोलीकडे नुसती मान हलवली. प्रियदर्शनी मात्र लिहून घ्यायला मोबाइल उघडून तिथेच उभी होती.