कुलेरभर माती

आमच्या ग्रामदेवानं मला नाही म्हटलं, आणि तेही सगळ्या गावासमोर.

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात काही नवीन करायचं तर आधी देवळात कौल घेतात. देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवापुढे प्रश्न मांडायचा, आणि वाट बघायची. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. विहीर खणण्यापासून लग्न ठरवण्यापर्यंत सगळं असं विचारलं जातं. माझा प्रश्न तेवढा नवा होता. देवाच्या राईतली चमचाभर माती मी पणजीच्या प्रयोगशाळेत नेऊ का?

मी रेणुजीवशास्त्रात संशोधन करते. मातीतले जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत, पण मातीतून त्यांचा डीएनए वेगळा काढून वाचता येतो आणि तिथं कोण कोण राहतं ते कळतं. बंद पडलेल्या खाणीच्या कडेची माती माझी वाचून झाली होती. तिथं भाताचं रोप जीव धरत नाही. का धरत नाही, हे मला शोधायचं होतं. पण खाणीनं काय नेलं ते कळायला खाणीआधीची माती हवी, आणि ती आमच्या गावात एकाच ठिकाणी उरली आहे. देवाच्या राईत कधी कुऱ्हाड लागलेली नाही, फावडंही नाही. ती माती मिळाली नाही तर माझं निम्मं संशोधन हवेत.

देवळात गाऱ्हाणं घालायचा मान माझ्या चुलत काकांचा. त्यांनी आधी मला सोप्यावर बसवून उलटतपासणी घेतली.

"माती व्हरून तू कितें करतलें गो?"

"वाचतलें, काका. तिच्यात कोण कोण जीव आसत तें."

"आनी मगे?"

"मगे तें संगणकार घालतलें. जगात कोणाकय पळोवंक मेळटलें."

जगात कुणालाही बघता येईल हे ऐकून त्यांना बरं वाटेल, अशी माझी समजूत. ते मात्र अंगणापलीकडच्या, खाणीच्या तांबड्या ढिगाकडे बघत राहिले.

"आमची माती जगान पळयल्या," ते म्हणाले. "बार्जी भरून मुरगावाक गेली. परत कांयच येवंक ना."

खाणीचं खनिज बार्ज भरभरून नदीतून मुरगाव बंदरात आणि तिथून परदेशी जायचं, त्याबद्दल ते बोलत होते. मी म्हटलं, मला एक कुलेरभरच हवी. चमच्याला आमच्या घरांत अजून कुलेर म्हणतात. काकांनी मान हलवली, पण ती हो होती की नाही ते मला कळलं नाही. सोमवारी देवळात कळलं. गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत डावी पाकळी खाली आली.

मी पणजीला माझ्या मार्गदर्शक बाईंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "माती न्यायला पंचायतीचा ठराव आहे ना तुझ्याकडे? मग कायद्यानं काही अडत नाही. पावसाआधी माती घेऊन ये." त्यांचं काही चुकत नव्हतं. चिडले होते मी. पाकळीवर, काकांवर, स्वतःवर, सगळ्यांवर. रागानं रडूही आलं. कौलावर माझा विश्वास आहे का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पण विचारलं मी होतं. विचारायचं, आणि उत्तर आवडलं नाही की दुसऱ्या वाटेनं जाऊन डबी भरायची, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं.

"मग प्रबंधात काय लिहिशील?" बाईंनी विचारलं.

"विचारली, मिळाली नाही, असं लिहीन."

मग त्या म्हणाल्या, "एवढा हट्ट आहे ना, तर तो उपयोगी पडेल अशा जागी कर." संशोधनासाठी गावागावांतून माती, बियाणं, पाणी नेण्याचे नियम लिहिणारी एक समिती होती. बाई तिच्यावर होत्या. त्यांनी मला तिथं मसुदा लिहायला बसवलं.

त्यानंतर सकाळी प्रयोगशाळेत हातात पिपेट आणि दुपारी मसुदा, असे माझे दिवस जायला लागले. मसुदा तसा नीटनेटका होता. गावाला माहिती द्यावी, गावाची संमती घ्यावी, संमतीवर सही घ्यावी. पण गाव नाही म्हणालं तर काय करायचं, हे कुठंच नव्हतं. मी विचारलं तेव्हा एक ज्येष्ठ सभासद हसले. "अहो, नाही म्हणतंय कोण? आजवर कुणी म्हटलेलं नाही."

"मला म्हटलंय," मी म्हणाले. "माझ्याच गावानं."

हसणं थांबलं. मग पाकळीची गोष्ट सांगावी लागली आणि हसणं पुन्हा सुरू झालं, पण मी गप्प बसले नाही. नकार आला तर नमुना घेता येणार नाही आणि गावाला कारण विचारता येणार नाही, असं कलम मी पुढे केलं. दुसरं कलम काकांच्या सोप्यावरून आलं होतं. माती जागेवर राहिली तरी तिचा वाचलेला मजकूर जगभर जातो, म्हणून तो वाटण्याचीही परवानगी वेगळी घ्यायची. कलमं खोडली गेली, मी पुन्हा लिहिली. बैठकीमागून बैठक मी तेच बोलत राहिले. शेवटी माझ्या चिवटपणाला कंटाळून म्हणा किंवा पटून म्हणा, समितीनं दोन्ही घेतली. बाईंनी बाहेर आल्यावर मला कॅन्टीनमध्ये भजी खाऊ घातली.

मी गावी जाऊन काकांना सगळं सांगितलं.

"म्हणजे आमी ना म्हळें, तर सरकार मानतलें?"

"समितीन मानलां, काका. फुडलें झगडूंक जाय." सरकारची मंजुरी अजून बाकी होती.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पाकळी पडले उपरांत तू रायेंत गेलें ना मगे?"

"ना."

"मगे परत विचारूंक हरकत ना," ते म्हणाले.

पुढच्या सोमवारी त्यांनी गाऱ्हाणं घातलं. "म्हाराजा, हें चेडू तुज्या रायेंतली एक कुलेरभर माती व्हरूंक सोदता. ती वाचून जगाक सांगतलें. पयलीं तुवें ना म्हळें, तें ताणें मानलें. आज परत विचारता." लोक म्हणाले, "व्हय म्हाराजा." आम्ही खूप वेळ उभे होतो. माझे पाय दुखायला लागले, आणि या खेपेलाही नाही आलं तर मुकाट्यानं घरी जायचं, हे मी मनाशी ठरवून टाकलं. तेवढ्यात उजवी पाकळी घसरली.

राईत काका स्वतः माझ्याबरोबर आले. मी पालापाचोळा बाजूला केला, स्वच्छ केलेली कुलेर काढली आणि काळीभोर माती डबीत भरली. काका वाकून बघत होते.

"इतकीच?" ते म्हणाले. "घे गो आनीक एक. कोण मोजता?"

"एकच मागिल्ली, काका," मी म्हटलं, आणि डबीचं झाकण लावलं.