खाद्याआधीचं रक्त

अनिलचा फोन आला तेव्हा मी त्याच्या दारात नेऊन ठेवायचा डबा भरत होते. "मेघना गेली," एवढंच तो म्हणाला. मेघना म्हणजे त्याची बायको, माझी इथली, नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावातली मैत्रीण. कोविड. रुग्णालयात आम्हाला जाता आलं नाही, अंत्यविधी स्क्रीनवर पाहिला. रडले नंतर, आधी ऑनलाइन शोकसभेच्या तयारीला लागले. कुणीतरी करायलाच हवी होती.

नवऱ्याच्या नोकरीमागे ती इथे आली तेव्हा पशुवैद्यकाची पदवी बॅगेतच राहिली होती. डच शिकून तिने पशुखाद्याच्या एका कंपनीत काम मिळवलं. मांसासाठी वाढवलेल्या बैलांच्या खाद्यात काय मिसळलं की त्यांच्या रक्तात काय बदलतं, हे ती तपासायची. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी विचारलं, "हेच हात मोदकांना लावणार?" "धुऊन लावते, काकू. बैलांचाही तोच आग्रह असतो," ती म्हणाली आणि मोदक वळत राहिली.

तिचे साहेब पुण्याचे, आमच्याच मंडळातले. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. महाग प्रथिनांऐवजी खाद्यात मिसळायच्या, सावकाश विरघळणाऱ्या युरियाचा प्रयोग चालू होता. युरियाने रक्तातला अमोनिया वाढतो, फारच वाढला तर जनावर दगावतं. आणि तो वाढतो खाद्य खाल्ल्यानंतर. साहेबांनी मात्र लॉकडाऊनमध्ये सकाळी, खाद्य घालण्याआधीच रक्त काढायला लावलं. "गोठ्यात माणसं थांबवून ठेवता येत नाहीत, वहिनी," ते तिला म्हणाले. तेव्हा ते खरंही होतं. "मग अहवालात तसं लिहा, सर," ती म्हणाली. त्यांनी लिहिलं नाही. युरिया सुरक्षित ठरला. तिने पुन्हा विषय काढला, तर तिला प्रयोगातून काढून बाटल्यांना लेबलं लावायला बसवलं. "उपाशीपोटी साखर तपासून जिलबीला निर्दोष सोडलंय," कालव्याकाठी फिरताना ती मला म्हणाली. हसली मात्र नाही...

शोकसभेत साहेबांना पहिल्यांदा बोलायचं होतं. मी त्यांना शेवटी ठेवलं. ते गहिवरून म्हणाले, "त्या युरियाच्या प्रयोगाचं सगळं श्रेय मेघनावहिनींचं." जे तिने जिवंतपणी नाकारलं, ते ती गेल्यावर तिच्याच नावावर. मी बाकीच्यांचे माइक बंद केले, त्यांचा चालू ठेवला.

"सर, रक्त खाद्याआधी काढलं होतं की नंतर?"

"ही वेळ नाही, ताई."

"श्रेय आत्ता दिलंत, म्हणून आत्ता विचारते."

मग ते म्हणाले, "आधी." अनिलने आपला माइक उघडला आणि तिच्या डच सहकाऱ्यांसाठी तेच इंग्रजीत सांगितलं. सावकाश, दोनदा.

सभेचं रेकॉर्डिंग काढून टाका, असा साहेबांचा निरोप आला. ज्यांना सभेला येता आलं नव्हतं, त्या सगळ्यांना मी ते पाठवलं. प्रयोग पुन्हा होणार आहे म्हणे. मला बरं वाटलं, आणि ते लपवावं असं वाटत नाही.

परवा अनिलकडे गेले होते. तिचे गोठ्यात घालायचे रबरी बूट दारातच आहेत, तळांना वाळलेलं शेण, एका बुटात गवताची काडी. तो ते उचलून मागच्या शेडमध्ये ठेवायला निघाला होता. मी थांबवलं. साहेब समाचाराला येणार म्हणाले होते. आत यायचं तर त्यांना ते बूट ओलांडावे लागतील.

अजून आलेले नाहीत.