चार मिनिटांची वंदना

गाझियाबादच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटात रावसाहेब वानखेड्यांचा कॉम्प्युटर सुरू व्हायला चार मिनिटं लागत. बटण दाबलं की डबा आधी खाकरायचा, मग गिरणीत दळण टाकल्यासारखा घरघरायचा, आणि सगळं आटोपलं की टिंग-टिंग अशी धून वाजायची. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर रावसाहेब त्यावर दिल्लीतल्या आपल्या समाजाची वधू-वर सूची टाइप करत.

त्या चार मिनिटांत चंदाबाईंची वंदना व्हायची. टेबलावरच्या फळीवर बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो. यांनी बटण दाबलं की त्या मेणबत्ती लावून हात जोडत. आधी त्रिशरण, मग पंचशील. पाचवं शील संपायला आणि धून वाजायला एकच गाठ.

"तुमचं यंत्र उठेस्तोवर माझी वंदना होते. बरंय, कशाला तरी उपयोग झाला."

रावसाहेब शेजारी उभं राहून नुसते ओठ हलवत.

"वरातीतल्या खोट्या वाजंत्र्यासारखे," चंदाबाई म्हणत.

गेल्या ऑगस्टात चंदाबाई गेल्या. तेव्हापासून रावसाहेब रोज बटण दाबत, मेणबत्ती लावत आणि एकटेच म्हणत. शब्द अडला की डब्याकडे कान देत. घरघर दुसऱ्यांदा चढली, म्हणजे चंदा तिसऱ्या शीलावर आली. तिला गाठून पुढे जात.

प्रथम स्मृतिदिन जवळ आला. मुलगा सुगत टोरांटोत. व्हिसाच्या कागदांत अडकल्यामुळे त्याला येता येत नव्हतं. वंदना तरी कॅमेऱ्यातून पाहू, म्हणाला. पण या डब्यावर चित्र धड चालत नसे.

"बाबा, सीरियसली, मागच्या रविवारी तुम्ही दहा मिनिटं तोंड उघडं ठेवून बसला होतात."

"मी बोलत होतो."

"इकडे फक्त तोंड पोचलं. ड्युअल-कोर घ्या ना, प्लीज."

कोपऱ्यावरचा दुकानदार त्यागी येऊन गेला. वैद्याने पोट दाबावं तसं त्याने डब्यावर टकटक केलं. "अंकलजी, बैलगाड़ी है ये. ड्युअल-कोर मतलब दो दिमाग. एक सोचेगा, दूसरा भी सोचेगा. बोर्ड, रॅम, सब नया डाल दूँगा."

"चालू होने में कितना टाइम लेगा?"

त्यागीने चुटकी वाजवली. "इतना."

"सोचकर बताऊँगा," रावसाहेब म्हणाले. एक दिमाग असल्यामुळे त्यांना आठ दिवस लागले.

नवव्या दिवशी फोनवर ते सुगतला म्हणाले, "मला काही घाई नाही रे. आहे तो चालतोय."

सुगत म्हणाला, "आई गेली तेव्हाही मी नव्हतो, बाबा."

रावसाहेबांनी त्यागीला फोन लावला.

स्मृतिदिनाच्या आदल्या संध्याकाळी त्यागी सगळं बसवून, कॅमेरा तपासून गेला. रावसाहेबांनी डब्याला हातही लावला नाही. सकाळी आठला, समाजाच्या मंडळाची माणसं वंदनेला यायच्या आधी, त्यांनी मेणबत्ती लावली, बटण दाबलं आणि हात जोडले. डबा खाकरला नाही. त्रिशरणातल्या दुसऱ्या ओळीवर होते तोच टिंग-टिंग. वर्षानुवर्षांच्या सवयीने ते थांबले.

पडद्यावर सुगत आला. चंदाबाईंचंच नाक, कानांवर पिकलेले चार केस, सगळं स्वच्छ दिसलं.

"वा, एकदम क्लिअर. म्हणा आता, बाबा."

सुगतने डोळे मिटून हात जोडले. रावसाहेबांनी पहिल्यापासून धरलं. त्रिशरण झालं. पहिलं शील झालं, दुसरं झालं. पुढचा शब्द येईना. त्यांनी डब्याकडे कान दिला. डबा गप्प होता. चंदा कुठवर आली, काही कळेना. ते हात जोडून, मान किंचित कलती करून, तसेच उभे राहिले.

सुगतने वाट पाहिली. मग डोळे उघडले. पलीकडून कीबोर्डची खटखट ऐकू आली.

"बाबा? हॅलो? पुन्हा अडकलात तुम्ही."