अण्णांनी पाहिलेला प्लग

मिस्त्री लोक काम झाल्यावर हात धुतात. आदगोंडा अण्णा कामाच्या आधी धुवायचे. पिवळा साबण, कोपरापर्यंत फेस, नखांसाठी वेगळा ब्रश. मग हात पुसायचे नाहीत, समोर धरून वाळवायचे. बेळगावच्या उद्यमबागेत त्यांचं एका शटरचं नोझल दुरुस्तीचं दुकान होतं. अठरा वर्षांपूर्वी मी आमच्या फाउंड्रीच्या जनरेटरचे नोझल घेऊन तिथे पहिल्यांदा गेले, तेव्हा हा सोहळा संपेपर्यंत मला उभं राहावं लागलं. फाउंड्रीचं स्टोअर आणि खरेदी मी बघते, मला दिवसाला सात ठिकाणी जायचं असतं. मी घड्याळाकडे बघितलं.

"घड्याळ बघू नका, आक्का," ते म्हणाले. "नोझलचं भोक केसापरास बारीक असतंय. माझ्या नखातली माती आत गेली तर जनरेटर बंद पडंल. मग अंधारात बसून घड्याळ बघायला लई वेळ मिळंल."

त्या दिवसापासून नोझलच्या कामासाठी माझ्या वहीत दुसरं नाव आलं नाही.

अण्णा निपाणीजवळच्या एका जैन शेतकरी घरातले. घरात पाणी गाळून प्यायची रीत, ती त्यांनी दुकानातही आणली होती. नोझल तपासायच्या मशीनमध्ये जाणारं डिझेल ते चौपदरी पांढऱ्या फडक्यातून गाळून घ्यायचे. शेजारचा लेथवाला चिडवायचा, "अण्णा, डिझेलमध्ये कसला जीव हो?" अण्णा फडकं झटकत म्हणायचे, "जीव न्हाय, जीव घेणारा कचरा हाय. तुझ्या लेथचा." सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हायचं, म्हणून शटर साडेपाचला खाली. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, "उद्या" म्हणून हात जोडायचे. हे काम ते निपाणीतच शिकले होते, तंबाखूच्या रानातल्या पंपांची रॉकेलवरची आणि डिझेलवरची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींकडे. त्यांच्याबद्दल बोलताना अण्णा अजूनही 'आमचे वस्ताद' म्हणायचे.

माझ्याकडे एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. दोन दारं, दोन माणसं, लाल रंग, तीस वर्षांपूर्वी बाहेरच्या देशातून आलेली. गोव्यात एका बंद गॅरेजमध्ये पडून होती. मी पन्नाशी गाठली त्या वर्षी ती घेतली आणि कंग्राळीला घराशेजारच्या शेडमध्ये आणून ठेवली. या वयात असली गाडी कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. करायच्या गोष्टींच्या यादीत ती विसाव्या वर्षापासून होती, एवढंच मला सांगता येतं.

गाडी सुरू व्हायची, पण चढाला दम टाकायची. इंजिनात पेट्रोल फवारणारे चारही इंजेक्टर गंजले होते, आणि कुठल्या इंजेक्टरने कधी, किती वेळ फवारायचं हे ठरवणारा मूळचा कॉम्प्युटर भरवशाचा राहिला नव्हता. तेव्हा मोठे इंजेक्टर आणि नवा कॉम्प्युटर असं ठरलं. कॉम्प्युटरचं काम कोल्हापूरचे सुहास नावाचे इंजिनिअर करणार होते. इंजेक्टर मी अण्णांकडे नेले. खरं तर ते डिझेलवाले, आणि वय सत्तरीच्या घरात. मला वाटलं, नाही म्हणतील.

"करतो की," ते म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, "पद्मा माझ्या मागं लागलीया, अण्णा, दुकान बंद करा आणि निपाणीला माझ्याकडं या. म्हणतीया, तुमचा पंपांचा जमाना संपला. तिला म्हणलं, एक कॉम्प्युटरची गाडी करून दावतो. ही गाडी कणकुंबीचा चढ न थांबता चढली तर मी दुकानात. न्हाय चढली तर तिच्या घरात." पद्मा ही त्यांची एकुलती एक मुलगी. अण्णा हसत बोलत होते, पण पैज खरी होती.

हे मोठे इंजेक्टर दोन ठिकाणांहून जमवलेले होते, त्यामुळे चौघांची धार सारखी नव्हती. मशीनवर चार काचेच्या नळ्यांत प्रत्येकाचं पेट्रोल अर्धा मिनिट पडू द्यायचं आणि पातळी मोजायची. एरवी अण्णा डोळा नळीला लावून आकडा सांगायचे. या वेळी त्यांनी मला पुढे केलं. "तुमचं अक्षर चांगलं हाय. तुम्हीच वाचा, तुम्हीच लिवा." मला बरं वाटलं. मी वाचत गेले, लिहीत गेले. मग त्यांनी एकेक इंजेक्टर बोटांनी चाचपून त्यावर कापडी पट्टी गुंडाळली आणि सांगितलं, "ह्यो एक नंबर सिलिंडरला. ह्यो दोन." एक नंबरची धार सगळ्यांत बारीक होती, चार नंबरची सगळ्यांत जाड. सुहास त्याप्रमाणे कॉम्प्युटरमध्ये दुरुस्ती घालणार होते, बारीक धारेला थोडा जास्त वेळ, जाड धारेला थोडा कमी. इंजेक्टर अण्णांनी स्वतः बसवले. मी यादी सुहासना पाठवली. ते एक दिवस येऊन लॅपटॉप लावून गेले. चारही सिलिंडरांचा धूर एकत्र होतो तिथे त्यांनी पेट्रोल आणि हवेचं प्रमाण तपासलं. ते बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं खानापूर रस्त्याला पंचवीस किलोमीटर फिरून आलो. परत आल्यावर अण्णांनी हात धुतले, वाळवले आणि चारही सिलिंडरांचे स्पार्क प्लग काढले. आत पेट्रोल कसं जळतंय ते प्लगच्या टोकाच्या रंगावरून कळतं, हे मला त्यांनीच कधीतरी शिकवलं होतं. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, चॉकलेटी म्हणजे नीट, पांढरा म्हणजे उपाशी. उपाशी सिलिंडर तापतो आणि वितळतो. अण्णांनी एकेक प्लग दाराच्या उजेडात धरला, फिरवला.

"चॉकलेटी. ह्योबी चॉकलेटी. चारी फस्क्लास. लिवा, आक्का."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. एक प्लग मला खडूसारखा पांढरा दिसला. वाटलं, उजेडाचं असेल. वाटलं, यालाच हे लोक चॉकलेटी म्हणत असतील. मी स्टोअरवाली, ते चाळीस वर्षं काम केलेले मिस्त्री. मी वहीत लिहिलं, 'प्लग चारही चॉकलेटी,' आणि पुढे बरोबरची खूण केली.

रविवारी सकाळी आम्ही कणकुंबीला निघालो. अण्णा शेजारच्या सीटवर, मांडीवर फोन, पद्माला लावायचा म्हणून. जांबोटी सोडल्यावर झाडी दाट झाली, रस्ता चढू लागला. गाडी अशी ओढत होती की मलाच हसू येत होतं. "दाबा, आक्का, दाबा," अण्णा म्हणाले. मी दाबलं. शेवटच्या मोठ्या चढाला इंजिनात आधी टिकटिक झाली, मग खडखडाट, मग मागे निळा धूर. मी गाडी कडेला घेतली. अण्णा खाली उतरले, बॉनेटवर तळवा ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"गेला," एवढंच म्हणाले.

माझ्या पिशवीत यादीप्रमाणे सगळं सामान होतं. टो करायचा दोर, हातबत्ती, पाणी, प्रथमोपचाराची पेटी. त्यातलं काहीही उपयोगाचं नव्हतं. टेम्पो येईपर्यंत दोन तास आम्ही एका दगडावर बसून होतो. मध्येच त्यांच्या मांडीवरचा फोन वाजला. पद्माचाच होता. त्यांनी तो वाजू दिला.

पिस्टनला भोक पडलं होतं. अण्णा म्हणाले, "माझ्या हातनं झालं." मी म्हटलं, कारण शोधू, सुहासना बोलावू, मशीनवर परत मोजू. मी चार पर्याय मांडले. ते मान हलवत राहिले. महिन्याच्या आत दुकान रिकामं झालं. शेवटच्या दिवशी मी गेले तेव्हा पद्मा सामान बांधत होती. तिने मला बाहेर घेऊन सांगितलं, "काचबिंदू हाय त्यास्नी. दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत न्हाई. तुम्हाला सांगितलं न्हाई व्हय?"

आतमध्ये अण्णा भिंतीला हात लावत ते पांढरं फडकं शोधत होते. ते त्यांच्या समोरच्या खिळ्याला होतं. मी काढून त्यांच्या हातात दिलं.

इंजिन सुहासनी खोललं. त्यांनी इंजेक्टर पुन्हा मोजले, माझी यादी शेजारी ठेवली आणि म्हणाले, "आकडे सगळे बरोबर आहेत, फक्त उलटे बसलेत. चारच्या जागी एक, एकच्या जागी चार." पंपाच्या इंजिनाला हँडल मारतात ते मोठ्या चाकाच्या बाजूला. वस्तादांनी मोजणी तिथून शिकवली होती. गाडीत ते मोठं चाक गिअरबॉक्सकडे असतं, म्हणून अण्णांचा एक नंबर तिकडे होता. गाडीच्या कॉम्प्युटरचा एक नंबर दुसऱ्या टोकाला, इंजिनाच्या पट्ट्याच्या बाजूला. त्यामुळे ज्या इंजेक्टरची धार आधीच बारीक, त्याचंच पेट्रोल आम्ही आणखी कमी केलं होतं. धुराच्या सरासरीत ते लपून गेलं.

मला सुटल्यासारखं झालं. चूक डोळ्यांची नव्हती, मोजायच्या बाजूची होती. हे अण्णांना सांगायचं, असं मी वहीत लिहिलं. गाडीत नवा पिस्टन बसला, इंजेक्टर जागच्या जागी गेले, सुहासनी पुन्हा लॅपटॉप लावला. मग मी तीच गाडी घेऊन निपाणीला गेले.

अण्णा पद्माच्या घरापुढच्या सोप्यात खुर्चीवर बसले होते. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. मी सगळं समजावून सांगितलं. ते ऐकत राहिले, मग हसले.

"म्हंजे मी गिअरबॉक्सकडनं मोजलं."

"आणि मी पट्ट्याकडून समजून लिहिलं."

"अठरा वर्सांत एकदाबी इचारलं न्हाई की ओ, अण्णा, तुमचा एक नंबर कुठला."

"तुम्हीही सांगितलं नाहीत."

"व्हय की." पुन्हा हसले. मग खुर्चीत पुढे सरकले. "पर आक्का, एवढी चूक प्लगवर दिसाया पायजे. खानापूरहून आल्यावर मी प्लग काढलतं. काय लिवलंय, वाचा."

वही माझ्या हातात होती. मी वाचलं, "प्लग चारही चॉकलेटी."

"हे मी सांगितलं. मला त्या दिवशी दारातला उजेडच तेवढा दिसत हुता. सवयीनं बोललो. चाळीस वर्सं माझं प्लग चॉकलेटीच निघालं, म्हणून बोललो. तुम्हाला कसला दिसलता?"

आतमध्ये पद्माच्या भांड्यांचा आवाज थांबला.

"एक पांढरा होता," मी म्हटलं.

"मग लिवलं का न्हाई?"

"तुम्ही चॉकलेटी म्हणालात, अण्णा."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझा आवाज होता त्या दिशेला तोंड केलं आणि हळू म्हणाले, "डोळं माझं गेलतं, आक्का. तुमचं हुतं की."

याला काय करायचं असतं, ते मला ठाऊक नाही. मी बिल भरते, माल परत पाठवते, माफीचं पत्र लिहिते. तिथे मी वही मांडीवर धरून बसून राहिले.

थोड्या वेळाने तेच उठले. "गाडी आणलीया न्हवं? दावा."

मी त्यांना हाताला धरून बाहेर नेलं. पद्माने तांब्याभर पाणी आणि साबण आणला. तिने काही विचारलं नाही, तिला सवय होती. अण्णांनी कोपरापर्यंत हात धुतले, समोर धरून वाळवले. मी बॉनेट उघडून इंजिन सुरू केलं. त्यांनी हात पुढे केला, मी तो इंजिनाच्या झाकणावर नेऊन ठेवला. गिअरबॉक्सच्या टोकापासून पट्ट्याकडे त्यांचा तळवा हळूहळू सरकत गेला, चार ठिकाणी थांबला.

"प्लग बघितलं काय?"

"सकाळीच काढले होते."

"कसलं हाईत?"

"चॉकलेटी. चारही."

"कुणी बघितलं? सुहासनी?"

"मी बघितले, अण्णा."

त्यांचा तळवा झाकणावरच होता. मी सांगितलं ते खरं होतं, पण ते पडताळायला आता त्यांच्याकडे काहीच उरलं नव्हतं. ते ऐकत राहिले, इंजिन ऐकत होते की मला ते कळेना. मग त्यांनी मान हलवली.

"लिवा," ते म्हणाले.