एकतीस जुलैवाले काका

बेसा रोडवरच्या आमच्या सोसायटीत राहणाऱ्या रामटेके काकांना सगळे 'एकतीस जुलै' म्हणत. आयकराचा रिटर्न भरायची ही तारीख ते जून लागला की जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, एकदा तर तेरवीच्या पंगतीतसुद्धा ओरडून सांगत. सरकारनं मुदत वाढवली तरी काकांची तारीख वाढत नसे.

सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला हा माणूस रविवारी व्हरांड्यात लॅपटॉप घेऊन बसे आणि कळमेश्वर, मौद्याच्या कारखान्यांत ठेक्यावर राबणाऱ्यांचे रिटर्न फुकट भरून देई. फुकट, पण शिव्या खाऊन. आपला कागद आपणच वाचायचा, ही अट. "वाच, मोठ्यानं वाच. मेहनत तुई अन् डोळे माये काहून?"

आमचा सगळ्यांचा एकच समज होता: कंपनीनं टॅक्स कापला ना, मग विषय संपला. मौद्याचा एक वेल्डर असाच जानेवारीत उगवला. कर लागण्याइतकी त्याची कमाईच नव्हती, कापलेलं सगळं परत मिळालं असतं. पण उशिराचा रिटर्न भरायची डिसेंबरअखेरची मुदतही टळून गेली होती. "ते कापून राहिले अन् तू झोपून राहिला! कापणं त्यायचं काम, मांगणं तुयं काम होतं गा!" काका एवढे ओरडले की काकू चहा घेऊन दारातच थबकल्या. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मी कळमेश्वरच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत माल तपासायची. माझा टॅक्स कुणी, कोणत्या कलमाखाली कापला हे दाखवणारा सरकारी तक्ता काकांनी उघडला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं.

"एकशे चौऱ्याण्णव जे," मी वाचलं.

"पगाराले एकशे ब्याण्णव रायते. हे फीचं कलम आहे. त्यायच्या कागदात तू नोकर नाहीस वं, पाव्हणी आहेस. डॉक्टर-वकिलावाणी येतेस अन् फी घेऊन जातेस. हाजरी लावतेस?"

"रोज अंगठा लावते."

"उशीर झाला तं?"

"अर्धा दिवस कापतेत."

"पाव्हणीचा अर्धा दिवस कापतेत काय?" काका उठून उभेच राहिले. त्यांनी तिथेच पत्र लिहिलं: मी पगारी कर्मचारी आहे, तशी नोंद करा. "सही कर, दे, अन् पोचपावती घेऊन ये."

रिफंड आला, तो मी आनंदानं खर्चही केला. पत्र मात्र पर्समध्येच राहिलं. नोकरी जाईल अशी भीती वाटे. दर रविवारी काका खालून ओरडत, "देल्लं काय वं?" आणि मी खिडकी लावून घेई.

दोन वर्षांनी मला दिवस गेले. बाळंतपणाची रजा मागितली, तर साहेब हसले. "मॅडम, तुम्ही तर कन्सल्टंट आहात. तुम्हाला रजा कसली?" पुढच्या आठवड्यात अंगठ्याच्या मशीनमधून माझं नावच काढून टाकलं. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. त्याहून जास्त संताप येतो त्या बंद खिडकीचा.

पोट सावरत काकांकडे गेले. वाटलं, आज हा माणूस मला फाडून खाणार. ते फक्त "बस, पोरी" म्हणाले. त्यांनी ओरडायला हवं होतं. दुसऱ्याच दिवशी मला ऑटोत घालून ते कामगार कचेरीत घेऊन गेले आणि तक्रार नोंदवली. पहिली सुनावणी लागायच्या आतच काका गेले. मे महिना होता. त्यांची तारीख यायची होती.

सुनावणीत अधिकाऱ्यांनी ते पत्र हातात घेऊन विचारलं, "हे कंपनीला दिलं होतं?"

"नाही."

समोरचा वकील खाली बघून हसला. प्रकरण अजून चालूच आहे.

आता रविवारी काकू व्हरांडा झाडून ठेवतात आणि तिथे मी बसते. परवा त्याच कारखान्यातली, माझ्याच टेबलावर काम करणारी मुलगी आली. तोच रकाना, तेच कलम. मी पत्र लिहून दिलं. तिनं घडी घालून पर्समध्ये टाकलं आणि म्हणाली, "पाहते ताई, सवडीनं."

"काढ ते बाहेर! आत्ता सही कर. उद्या गेटवर मी येते तुयासंग!"

इतकी ओरडले की काकू चहा घेऊन दारातच थबकल्या.