चाळीस मिनिटांचा फ्रिज

मिस्त्रींची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते आमच्या स्वयंपाकघरात पालथे पडले होते. फ्रिजच्या पोटाला कान, डोळे मिटलेले, श्वास जवळजवळ नाहीच. दहा मिनिटं गेली, वीस गेली. बायको म्हणाली, "अहो, यांच्या घरचा नंबर आहे का?" वरच्या मजल्यावरच्या काकू येऊन हळहळून गेल्या. मी मनातल्या मनात दोन ओळींचं शोकभाषण जुळवत होतो, एवढ्यात मयताने एक बोट वर केलं.

"जरा गप्प बसता का सगळे? रेकॉर्डिंग चालू आहे."

फ्रिज दुरुस्त करणं हा मिस्त्रींचा सव्वीस वर्षांचा धंदा. बाकीचे मेकॅनिक आधी स्क्रू काढतात, हे आधी कान लावतात. मग साबणाच्या वडीएवढ्या रेकॉर्डरमध्ये तो आवाज भरून घरी नेतात. तिथे फ्रिजची घरघर आठपट संथ करायची, तिच्यावर टाकीत पाणी पडल्याचा आवाज, लिफ्टचा उसासा, दवाखान्यातल्या पंख्याची कुरकुर चढवायची आणि खाली एकच लांबलचक सूर सोडायचा. हा सूर एकदा आला की घरजावयासारखा, हलायचं नाव घेत नाही. याला संगीत म्हणतात हे मला मिस्त्रींनीच सांगितलं. मी मान डोलावली, कारण आमचा फ्रिज तेव्हा उघडा पडला होता.

चौदा फ्रिज मिळून त्यांनी चाळीस मिनिटांची एक रचना केली. दुःख एकच होतं, ती शेवटपर्यंत कुणी ऐकली नव्हती. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, सातव्या मिनिटाला घोरू लागल्या. मेहुण्याने तिसऱ्याच मिनिटाला विचारलं, "भावजी, सुरू कधी होणार?"

"एकाने तरी पूर्ण ऐकावी," मिस्त्री मला म्हणाले. "नावं ठेवा, पण चाळीस मिनिटांनंतर ठेवा."

वाचनालयाचा पाण्याचा कूलर त्यांनीच सुधारला होता, म्हणून ग्रंथपालबाईंनी त्यांना रविवारची दुपार आणि सभागृह दिलं. तीस माणसं आली. सगळी गिऱ्हाइकं, आपापला फ्रिज ऐकायला. फोटोत आपण कुठे आहोत हे शोधावं तशी कान टवकारून बसली होती. "हा आमचा," मागून कुणीतरी कुजबुजलं. "तुमचा कसा? तुमचा खोकतो," दुसऱ्याने सुनावलं. पण उठलं कुणी नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली. वहिनी चक्क जाग्या होत्या. मिस्त्रींचा चेहरा असा उजळला होता की मलाही ते संगीत आवडतंय असं वाटू लागलं.

बाविसाव्या मिनिटाला त्यांच्या कपाळाला आठी पडली. सभागृहाच्या मोठ्या स्पीकरवर, संथ केलेल्या त्या घरघरीत, एक बारीक टकटक ऐकू येत होती. घरच्या स्पीकरवर ती त्यांना कधी कळली नव्हती. ते वाकून दुसऱ्या रांगेत बसलेल्या औषधांच्या दुकानवाल्या ताईंपाशी गेले.

"ताई, हा तुमचा, गेल्या महिन्यात भरलेला. कॉम्प्रेसर जातोय."

"कधी?"

"आज-उद्यात."

"अहो, त्यात इन्सुलिन आहे सगळं."

मिस्त्रींनी जागच्या जागी बसलेल्या तीस माणसांकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि खुर्चीखालची हत्यारांची पिशवी ओढली.

"अठराच मिनिटं राहिलीत, मिस्त्री," मी म्हणालो.

"ते फ्रिजला सांगा."

ते निघाले, मागून ताई निघाल्या. मग सगळ्यांनाच आपापल्या फ्रिजची काळजी वाटू लागली. "आमच्यात काही ऐकू आलं का हो?" "आमचाही एकदा बघता का?" असं विचारत सगळं सभागृह लग्नाच्या वरातीसारखं त्यांच्या मागे रस्त्यावर आलं. त्यात वहिनी होत्या. मीही होतो, खोटं कशाला बोलू? रचना रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजत राहिली.

कॉम्प्रेसर वेळेत बदलला गेला. त्या महिन्यात मिस्त्रींना जेवायला फुरसत नव्हती. लोक फोनवर फ्रिजचा आवाज ऐकवून निदान विचारू लागले.

पुढे त्यांनी ती रचना कापून चार मिनिटांची केली. वहिनींनी ती भाजी निवडता निवडता पूर्ण ऐकली आणि "बरी आहे" म्हणाल्या. दुसरी रचना मिस्त्रींनी केली नाही.